‘हलाल’ फंड : निवड कोणती, कसोटी कोणाची?

प्रतिनिधी, रोहणा (जि. वर्धा)

पुलगावहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे रोहणा हे कापूस, सोयाबीन आणि तुरीचे गाव. अशा गावात पैसा दरमहा येत नाही. तो कापूस विकला की एकदम येतो आणि बहुतांशी एकदमच जातो. पीककर्ज, बी-बियाण्यांची उधारी, घरातले एखादे लग्न आणि सोन्याचा एखादा डाग एवढे उरकल्यावर जे काही मागे राहते, ते बँकेत मुदत ठेवीत टाकायचे ही सर्वसाधारण रीत आहे. परंतु व्याज निषिद्ध मानणाऱ्या मुस्लिम कुटुंबापुढे ही वाट बंद असते. साहजिकच त्याची शिल्लक बचत खात्यात पडून राहते, सोन्यात जाते किंवा ओळखीच्या कोणाच्या तरी ‘हलाल धंद्यात’ गुंतते. यातील तिसरा मार्ग गेल्या काही वर्षांत सर्वाधिक घातक ठरला आहे. म्हणून चार पैसे बाजूला टाकू लागलेला एखादा तरुण शिक्षक, दुकानदार वा शेतकरी ‘शरियतसंमत म्युच्युअल फंड कोणता घ्यावा’ असे विचारतो, तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर परताव्याच्या तक्त्यापासून सुरू करणे योग्य ठरत नाही.

प्रथम बंगळुरूचे उदाहरण पाहावे लागेल. ‘आय मॉनेटरी ॲडव्हायझरी’ अर्थात आयएमए या कंपनीने ‘हलाल गुंतवणूक’ या नावाखाली हजारो कुटुंबांकडून पैसा गोळा केला. जून २०१९ मध्ये कंपनीचा प्रमुख मोहम्मद मन्सूर खान देशाबाहेर निघून गेला आणि शिवाजीनगर भागातील कार्यालयापुढे ठेवीदारांच्या रांगा लागल्या. चाळीस हजारांहून अधिक तक्रारी दाखल झाल्या. जुलै २०१९ मध्ये खान परतताच त्यास दिल्लीत अटक झाली आणि तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, हैदराबादच्या ‘हीरा गोल्ड’ची प्रमुख नौहेरा शेख हिला अटक झाली होती, त्या प्रकरणात मुंबईतही गुन्हा दाखल झाला. दोन्ही ठिकाणी गुंतवणूकदारांना आकर्षित करणारी गोष्ट एकच होती : व्याज नव्हे, ‘नफ्यातील वाटा’, आणि तोही दरमहा शेकडा अडीच-तीन रुपयांच्या आसपास.

दरमहा तीन टक्के म्हणजे वर्षाला सरळ हिशेबाने ३६ टक्के होतात. तोच पैसा पुन्हा गुंतवत गेल्यास चक्रवाढीने ४२ टक्क्यांच्या वर जातात. कोणत्या सरळ धंद्यात हे साधते, हा प्रश्न व्यवहाराचा आहे. धर्माच्या बाजूने विचारायचा प्रश्न तर त्याहून टोकदार आहे. इस्लामी अर्थव्यवहारात मुद्दल सुरक्षित ठेवून ठरावीक परतावा देण्याचे वचन हेच मुळात व्याजाचे रूप मानले जाते. भागीदारीत नफा वाटला जातो तसा तोटाही वाटला जातो. मग जी योजना ‘मुद्दल बुडणार नाही आणि दरमहा अमुक टक्के मिळतील’ असे सांगते, ती स्वतःला हलाल म्हणवते तेव्हा स्वतःच्याच शब्दाला खोटे पाडत असते. आश्चर्य असे की, ज्यांनी ही विसंगती सर्वप्रथम दाखवायची, त्या धार्मिक वर्तुळांतील काही मंडळींच्या शब्दावर विसंबूनच अनेकांनी पैसे भरले होते.

कायद्याने या बाबतीत काहीच केलेले नाही, असे नाही. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा कायदा १९९९ पासून आहे. केंद्राने २०१९ मध्ये अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा केला. तथापि हे दोन्ही कायदे मुख्यतः बुडाल्यानंतर धावून येतात. मालमत्ता जप्त होते, ती विकली जाते आणि ठेवीदाराच्या हाती वर्षानुवर्षांनी काही अंश पडतो. म्हणूनच नवख्या गुंतवणूकदाराने पहिला प्रश्न विचारायचा तो हा की, हा पैसा कोणाच्या देखरेखीखाली राहणार आहे? म्युच्युअल फंडाची योजना असेल तर ती ‘सेबी’कडे नोंदलेली असते, रोखे स्वतंत्र अभिरक्षकाकडे असतात, विश्वस्त वेगळे असतात आणि युनिटचे मूल्य रोज जाहीर होते. योजनेचे मूल्य घसरू शकते, पण कार्यालयाला कुलूप लावून कोणी पैसा घेऊन पळून जाण्याची शक्यता या रचनेत फारच कमी राहते. पत्रकावर ‘हलाल’ हा शब्द कितीही ठळक असला तरी सेबीच्या नोंदणीचा पुरावा नसल्यास पुढचे पान उलटण्याचे कारण नाही.

हा निकष लावल्यावर देशात निवडीला उरतात त्या मोजक्याच योजना. त्यांत सर्वांत जुनी आणि मोठी ‘टाटा एथिकल फंड’. मूळ योजना १९९६ ची. ‘एथिकल’ हे नाव तिला पुढे मिळाले. दुसरी ‘टॉरस एथिकल फंड’, २००९ पासूनची आणि आकाराने पहिलीच्या तुलनेत बरीच लहान. तिसरी शेअर बाजारात शेअरप्रमाणेच खरेदी-विक्री होणारी ‘शरिया बीझ’ ही निर्देशांक योजना. तीही २००९ चीच. मात्र तिचे घर वारंवार बदलले. बेंचमार्कने ती आणली, मग ती गोल्डमन सॅक्सकडे गेली, पुढे रिलायन्सकडे आणि आता ती निप्पॉन इंडियाच्या नावाने आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ‘क्वांटम एथिकल फंड’ आला. त्याच्या नावात शरियत हा शब्द नाही. योजना स्वतःला ‘नैतिक’ म्हणवते. नैतिक आणि शरियतसंमत या दोन कसोट्या एकमेकींच्या जवळच्या असल्या तरी एकच नव्हेत. म्हणून ‘एथिकल’ हे नाव दिसले म्हणजे काम झाले, असे समजू नये. शरियतची छाननी कोण करतो, हे प्रत्येक योजनेच्या माहितीपत्रकात शोधावे.

या यादीत स्टेट बँकेचेही नाव असायला हवे होते. एसबीआय म्युच्युअल फंडाची ‘शरिया इक्विटी’ योजना १ डिसेंबर २०१४ रोजी विक्रीस खुली होणार होती. जाहिराती झाल्या, अर्ज छापले गेले आणि ऐन वेळी ती पुढे ढकलण्यात आली. ती पुढे आलीच नाही. गावोगाव शाखा असलेल्या बँकेच्या नावाने ही योजना आली असती, तर रोहण्यासारख्या गावातील माणसाला ती आपल्या ओळखीच्या काऊंटरवर मिळाली असती. एका योजनेचे न येणे ही राजकीय चर्चेत किरकोळ बाब ठरली असेल. पण अधिकृत दार बंद राहिले की लोक अनधिकृत दारातून आत जातात, हे पुढील पाच वर्षांत बंगळुरू-हैदराबादने दाखवून दिले.

बँकिंगच्या आघाडीवरही हेच घडले. डॉ. रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००८ मध्ये व्याजमुक्त बँकिंगची शक्यता तपासावी असे सुचविले होते. केरळ सरकारच्या सहभागातील इस्लामी वित्तसंस्थेला दिलेले आव्हान केरळ उच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळले. आपल्याकडे बार्शीत लोकमंगल सहकारी बँकेने २०१६ मध्ये बिनव्याजी ठेवी घेऊन बिनव्याजी कर्जे देण्याचा छोटा प्रयोग केला आणि त्याची बरीच चर्चाही झाली. परंतु २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय माहितीच्या अधिकारातील उत्तरातून स्पष्ट केला. त्यामुळे आज व्याज टाळू पाहणाऱ्या सामान्य गुंतवणूकदारासमोर नियामकाच्या छत्राखालील मार्ग जवळजवळ एकच उरतो, तो म्हणजे शेअर.

ही गोष्ट नवख्याला सहसा कोणी सांगत नाही, आणि सर्वांत महत्त्वाची तीच आहे. सर्वसाधारण गुंतवणूकदार थोडे शेअरमध्ये, थोडे मुदत ठेवीत, थोडे भविष्य निर्वाह निधीत असे वाटून ठेवतो. शेअर पडले तर ठेव टिकते. शरियत पाळणाऱ्याकडे ही उशी नाही. परदेशांत ‘सुकूक’ नावाचे मालमत्तेवर आधारित रोखे मिळतात. भारतातील सामान्य माणसाला ते उपलब्ध नाहीत. सरकारी सुवर्ण रोख्यांवरही अडीच टक्के व्याज होते, त्यामुळे सोन्याचा तो मार्गही अनेकांनी टाळला. परिणामी हलाल फंड म्हणजे जवळपास सर्व पैसा शेअरमध्ये. मार्च २०२० मध्ये करोनाच्या धसक्याने सेन्सेक्स जानेवारीतील ४२ हजारांच्या पातळीवरून २३ मार्चला २५,९८१ वर आला. दोन महिन्यांत शंभराचे साठ-पासष्ट झाले. पुढे बाजार सावरला हे खरे. पण ज्याला एप्रिलमध्ये मुलीच्या लग्नासाठी पैसे काढायचे होते, त्याला ते सावरणे उपयोगाचे नव्हते. येत्या चार-पाच वर्षांत लागणारा पैसा अशा फंडात टाकणे धर्माला धरून असेल, शहाणपणाला धरून नाही.

आता कसोटीकडे. कंपनीचा शेअर हलाल ठरतो तो दोन चाळण्यांतून. पहिली चाळणी धंद्याची. दारू, तंबाखू, जुगार, डुकराचे मांस, अश्लील करमणूक आणि व्याजावर चालणाऱ्या बँका व विमा कंपन्या बाद होतात. वर्धा हा १९७० च्या दशकापासून दारूबंदीचा जिल्हा. या जिल्ह्यातील कित्येक माणसांनी, कोणत्याही धर्माची असोत, नेहमीच्या निर्देशांक फंडातून सिगारेट विकणाऱ्या कंपनीची भागीदारी घेतलेली असते आणि त्यांना त्याची जाणीवही नसते, ही गंमत येथे नोंदविण्यासारखी आहे.

दुसरी चाळणी ताळेबंदाची, आणि मतभेद तेथे आहेत. आजच्या काळात व्याजाचा स्पर्शही नाही अशी मोठी कंपनी मिळणे दुरापास्त. म्हणून उलेमांनी काही मर्यादेपर्यंतचा स्पर्श नाइलाजाने चालवून घेतला. ती मर्यादा किती, याचे उत्तर सगळीकडे सारखे नाही. मुंबईतील ‘तासिस’ ही शरियत सल्लागार संस्था भारतीय निर्देशांकांच्या छाननीशी दीर्घकाळ निगडित आहे. तिच्या निकषांनुसार व्याजी कर्ज कंपनीच्या एकूण मालमत्तेच्या २५ टक्क्यांच्या आत हवे आणि व्याजाचे उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आत हवे. बहारीनस्थित ‘आयोफी’ ही मानके ठरविणारी संस्था कर्जाला ३० टक्के आणि निषिद्ध उत्पन्नाला पाच टक्के मर्यादा देते. मात्र तिचे कर्जाचे प्रमाण मालमत्तेशी नव्हे, तर कंपनीच्या बाजारमूल्याशी मोजले जाते. अमेरिकी निर्देशांक कंपन्याही बाजारमूल्यच धरतात आणि ३३ टक्क्यांपर्यंत जातात.

वरवर हा आकड्यांचा घोळ वाटेल, पण फरक मोठा पडतो. समजा, एका कंपनीची मालमत्ता १०० कोटींची, कर्ज ३० कोटींचे आणि शेअर बाजारातील मूल्य ४०० कोटी. मालमत्तेशी तोलले तर कर्ज ३० टक्के, म्हणजे भारतीय निकषावर कंपनी नापास. बाजारमूल्याशी तोलले तर ते साडेसात टक्के, म्हणजे परदेशी निकषावर सहज उत्तीर्ण. उद्या बाजार कोसळून तिचे मूल्य ८० कोटींवर आले, तर कर्जात एका रुपयाची वाढ न होता तीच कंपनी तेथे हराम ठरेल. तेजीत हलाल आणि मंदीत हराम, ही कसोटी काहीशी विचित्र आहे. मालमत्तेशी केलेला तौलनिक हिशेब अधिक कडक आणि अधिक स्थिर आहे, असे आमचे मत आहे. अर्थात हा निवाडा व्यवहाराचा, धर्मशास्त्राचा नव्हे. शेअर बाजारातील गुंतवणूकच मुळात मान्य नसलेले आलिमही आहेत, आणि त्यांचे म्हणणे ज्याला पटते त्याच्यासाठी वरील सारी चर्चा गैरलागू ठरते.

चाळण्यांतून जे उरते त्याचे एक ठरावीक रूप असते. निफ्टीतील सुमारे एक तृतीयांश वजन बँका आणि वित्तसंस्थांचे. ते सगळे गळून पडते. मागे राहतात माहिती तंत्रज्ञान, औषधे, ग्राहकोपयोगी वस्तू, मोटारी, सिमेंट आणि अभियांत्रिकी. त्यामुळे हलाल फंड बाजाराबरोबर चालत नाही. कधी पुढे जातो, कधी मागे पडतो. २०२० मध्ये औषध आणि संगणक कंपन्या तेजीत असताना या योजना झळकल्या आणि त्यांचे तक्ते समाजमाध्यमांतून फिरले. २०२२ मध्ये संगणक कंपन्यांचा निर्देशांक वर्षभरात चौथ्या हिश्शाहून अधिक घसरला, निफ्टी मात्र चार टक्क्यांच्या आसपास वाढला. बँका वधारल्या तेव्हा हलाल फंडाचा गुंतवणूकदार काठावर उभा होता. हे व्यवस्थापकाचे अपयश नव्हे, नियमाचा परिणाम आहे. म्हणून अशा योजनेची तुलना सेन्सेक्सशी न करता शरिया निर्देशांकाशी करावी. तिच्याशीही वर्षानुवर्षे जो व्यवस्थापक हरतो, त्याला शुल्क कशासाठी द्यायचे, हा प्रश्न तेव्हा विचारता येतो.

शुल्काबद्दल थोडे थांबून पाहायला हवे, कारण नवखा गुंतवणूकदार तेथेच चुकतो. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेचे दोन भाव आहेत : मध्यस्थामार्फत घेतला तर ‘रेग्युलर’ आणि थेट घेतला तर ‘डायरेक्ट’. फंड तोच, शेअर तेच, व्यवस्थापकही तोच. पहिल्यातून मध्यस्थाचे कमिशन दरवर्षी वजा होत राहते. दरमहा एक हजार रुपये वीस वर्षे भरले आणि वार्षिक १२ टक्के परतावा मिळाला असे केवळ हिशेबापुरते गृहीत धरले, तर २ लाख ४० हजारांचे सुमारे ९ लाख ९९ हजार होतात. शुल्कापायी एक टक्का कमी, म्हणजे ११ टक्के मिळाले, तर सुमारे ८ लाख ७४ हजार. एका टक्क्यासाठी सव्वा लाख रुपये. भरलेल्या मुद्दलाच्या निम्म्याहून अधिक रक्कम एवढ्याशा फरकात जाते. ज्याला अर्ज भरणे, केवायसी करणे जमत नाही आणि बाजार पडला की धीर सुटतो, त्याला चांगल्या मध्यस्थाचा उपयोग आहे. त्याने ते पैसे द्यावेत. पण मध्यस्थ हलाल या नावाने फंड विकतो आणि शरियतची छाननी कोण करतो हे सांगू शकत नाही, तर त्याचे कमिशन कशाचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मग चारपैकी कोणता? शरिया बीझ ही निर्देशांक योजना असल्याने तिचे शुल्क सक्रिय फंडापेक्षा कमी असते, व्यवस्थापकाच्या लहरीचा प्रश्नही नसतो. परंतु तिच्यासाठी डिमॅट खाते लागते आणि बाजारात तिचे व्यवहार थोडे होतात. व्यवहार थोडे असले की खरेदीचा आणि विक्रीचा भाव यांत अंतर पडते. विकायच्या दिवशी गिऱ्हाईक योग्य भावाने मिळेलच याची खात्री नसते. शिवाय ती निफ्टीच्या पन्नासांपैकी उरलेल्या मोजक्याच कंपन्यांत असते. डिमॅट खाते आधीच असलेल्या आणि मर्यादित भावाची ऑर्डर टाकणे जाणणाऱ्या माणसासाठी ती ठीक. पहिल्यांदाच गुंतवणूक करणाऱ्यासाठी नव्हे. टाटा आणि टॉरस या दोन्ही खुल्या योजना असल्याने युनिट फंडालाच परत विकता येतात. टाटाच्या योजनेचा दीर्घ इतिहास तपासता येतो, तेजी-मंदीच्या अनेक फेऱ्यांतून ती गेली आहे, ही तिची जमेची बाजू. टॉरस लहान असल्याने त्याला छोट्या कंपन्यांत शिरणे सोपे, पण लहान योजनेवर खर्चाचा बोजा तुलनेने अधिक पडतो. विदर्भातील जाणकारांना आठवत असेल की, फेब्रुवारी २०१७ मध्ये बल्लारपूर इंडस्ट्रीजच्या रोख्यांची पत घसरल्याने टॉरसच्या रोखे योजनांना फटका बसला होता. एथिकल फंडाचा त्याच्याशी संबंध नव्हता. तरीही फंडघराची प्रकृती पाहताना अशी गोष्ट विचारात घेतली जाते. क्वांटमची योजना नवीन आहे. तिने अजून पुरते वाईट दिवस पाहिलेले नाहीत आणि शुद्ध शरियत हा तिचा दावाही नाही. या परिस्थितीत पहिल्या हजार रुपयांसाठी जुन्या, खुल्या योजनेचा डायरेक्ट पर्याय, आणि त्यातही लाभांशाऐवजी ‘ग्रोथ’, ही निवड आम्हाला अधिक समंजस वाटते. एकाच वेळी दोन हलाल फंड घेण्यात फारसे हशील नाही. चाळणी एकच असल्याने दोन्हींत बव्हंशी त्याच कंपन्या निघतात.

माहितीपत्रकात आणखी एक गोष्ट पाहावी : शिल्लक रोकड फंड कोठे ठेवतो? सर्वसाधारण योजना ती रात्रीपुरती व्याजाने लावतात. शरियतसंमत म्हणविणाऱ्या योजनेने ती बिनव्याजी ठेवणे अपेक्षित आहे. त्याने परतावा किंचित घटतो, पण ज्या कारणासाठी हा फंड निवडला त्या कारणाचीच ती किंमत आहे.

शेवटी शुद्धीकरणाचा मुद्दा राहतो. चाळणीतून उतरलेल्या कंपनीच्या उत्पन्नातही तीन-पाच टक्क्यांपर्यंत व्याजाचा अंश असू शकतो. तो अंश मोजून, पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूंना देऊन टाकावा, असे शास्त्र सांगते. ही रक्कम जकातीत धरता येत नाही. जकात वेगळी, अडीच टक्क्यांची. किती अंश द्यायचा हा आकडा फंडाकडे लेखी मागावा. उत्तर मिळते की नाही आणि किती दिवसांत मिळते, यावरूनही त्या फंडाच्या हलालपणाचे गांभीर्य कळते. जकात युनिटच्या संपूर्ण मूल्यावर की कंपनीच्या केवळ रोख व मालसाठ्याच्या हिश्शावर, यात मतभेद आहेत. तेथे आपल्या आलिमाला विचारावे. कर मात्र मतभेदाचा विषय नाही. जुलै २०२४ पासून वर्षभराहून अधिक काळ ठेवलेल्या युनिटच्या नफ्यावर सव्वा लाखांपुढे साडेबारा टक्के, त्याआधी विकल्यास वीस टक्के.

शेतकऱ्याच्या घरात या साऱ्याच्या आधी पीककर्जाचा हिशेब येतो. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडल्यास डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे शेतकऱ्याला शून्य टक्के पडते. मुदत चुकली की व्याज सुरू होते. बँक व्याज आकारते आणि सरकार ते भरते, तेव्हा ते कर्ज बिनव्याजी म्हणायचे का, हा वाद आलिमांचा. पण एका हाताने थकीत कर्जावर व्याज भरायचे आणि दुसऱ्या हाताने हलाल फंडात हप्ता टाकायचा, यात धर्मही साधत नाही आणि व्यवहारही. फंडाचा अर्ज कर्ज फेडल्यावर आणि घरखर्चाचे सहा महिने बाजूला काढल्यावर भरावा.

राहता राहिला हप्त्याचा प्रश्न. मासिक हप्त्याची पद्धत पगारदारासाठी आखलेली आहे. कापसाचा पैसा हिवाळ्यात येतो आणि पेरणीपर्यंत संपतो. जुलै-ऑगस्टमध्ये खात्यात शिल्लक नसली की हप्ता परत जातो आणि बँक दंड लावते. इतर गुंतवणूकदार एकरकमी पैसा आधी लिक्विड फंडात ठेवून तेथून थोडा थोडा शेअर फंडात वळवतात. पण लिक्विड फंड व्याजावरच चालत असल्याने येथे तो उपाय चालत नाही. तेव्हा कापूस विकल्यावर गुंतवायची रक्कम बचत खात्यातच वेगळी धरावी, तिचे चार-पाच भाग करावेत आणि डिसेंबर ते एप्रिल दर महिन्याला एक भाग स्वतःच्या हाताने भरावा. स्वयंचलित हप्त्याची नोंद करण्याची गरज नाही. बचत खात्यावर मधल्या काळात जे व्याज जमा होईल, ते पासबुकात वेगळे दिसतेच.